तीन हजार सहाशे सात

नंदलालपुऱ्यातल्या आमच्या छापखान्यात
पावत्यांवर क्रमांक मारणारं एक यंत्र होतं, नऊ चाकांचं.
युनूसभाई दर सोमवारी त्याला तेल देत
आणि चाचणी म्हणून
प्रत्येक चाक आधीच्यापेक्षा एक घर पुढे ठेवून
रद्द फर्म्यावर दाबत :
१२३४५६७८९.

मी मुद्रितं तपासायचो.
वीस वर्षं त्या ओळीवरून नजर फिरवली.
सगळे अंक आहेत, शाई सारखी आहे, ठीक. पुढे.
ती संख्या आहे हे कळलं
कापड मिलच्या पावत्या बंद झाल्या त्या वर्षी,
एका रिकाम्या दुपारी, उगाच मोठ्यानं वाचली तेव्हा :
बारा कोटी चौतीस लाख छपन्न हजार सातशे एकोणनव्वद.

जिन्याच्या पायऱ्या मोजतो तसे मोजत आलो होतो,
आणि हे तर एक अख्खं घर निघालं.
आत कोण राहतं?

नऊ राहतो, हे लगेच दिसलं.
एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस,
चाकं कशीही फिरवा, नऊ आपली जागा सोडत नाही.
नऊनं भागून उरले
एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस,
आणि इथून दार बंद.

सातानं भागलं, चार उरले.
अकरानं, तीन. तेरानं, पुन्हा तीन.
सदतिसावर फार भरवसा होता. चार.
पाठकोऱ्या फर्म्यांवर मूळ संख्यांची यादी केली,
रामबागेतल्या खोलीत रोज रात्री एक, कधी दोन,
जेवण झालं की ताट सारून.

सकाळी युनूसभाई सायकल टेकवताना विचारायचे,
सगळं इंदूर विचारतं तसंच :
‘और बाकी?’
आणि मी रात्रीची बाकी सांगायचो.
‘एकशे बारा.’ ‘नऊशे सहा.’
ते मान हलवत,
जणू माझ्या घरचं कुणी आजारी आहे.

दोन हजारांच्या पुढे कुठेतरी
एका वजाबाकीत हातचा विसरलो,
आठवडा वाया गेला. कुणाला सांगितलं नाही.

मग संगणक आला. यंत्र मोडीत गेलं,
युनूसभाई खजराण्याला घरी बसले,
आणि मी भागत राहिलो,
कारण आता सोडायचं कसं हेही कळेना.

तीन हजार सातशे तीनपर्यंतच जायचं होतं,
त्यापुढचा भाजक आला तर जोडीदार आधीच भेटला असता.
तीन हजार पाचशे त्र्याण्णव : बाकी दोन हजार नऊशे चाळीस.
चौदा नावं शिल्लक.
मनात मी तिला मूळ संख्या म्हणून टाकलंही होतं,
अभंग, बिनभाड्याची, एकटी.

पुढचं नाव तीन हजार सहाशे सात.
तीनदा गेले : दहा हजार आठशे एकवीस.
आठदा गेले.
मग एकदाही जाईनात, शून्य मांडलं,
शेवटचा एक खाली घेतला
आणि समोर उभे :
दहा हजार आठशे एकवीस.
पहिल्या ओळीत वजा केलेले तेच, जसेच्या तसे,
मधल्या साऱ्या खटपटीला वळसा घालून आलेले.

तीन हजार सहाशे सात गुणिले तीन हजार आठशे तीन.
जोडीदारालाही तपासलं, एकसष्टापर्यंत,
तोही तुटत नाही.

पोरं बोटं दुमडत म्हणतात त्या एक-दोन-तीनच्या पोटात
हे दोघं कधीपासून बसले होते.

सकाळी सायकल काढून खजराण्याला गेलो.
युनूसभाई खाटेवर, एका डोळ्याला पट्टी, मोतीबिंदू.
आवाजावरून ओळखलं.
‘आओ भिया. और बाकी?’
‘काही नाही,’ म्हटलं. ‘बाकी काहीच नाही.’

बराच वेळ गप्प राहिले.
बोटं हवेत, चाकं फिरवावीत तशी हलली.
मग म्हणाले, ‘और उलटा लगाएँ तो?
नौ, आठ, सात...’

नऊनं जाईल, एवढं न बघता सांगितलं.
बाकीच्यासाठी कागद पालटला.